पत्रकाची शेवटची ओळ

जोतिबाहून उतरलेली माणसं एसटीत चढली की गाडीभर दवण्याचा वास होतो. गुलालानं माखलेली डोकी, मांडीवर दवण्याच्या जुड्या, कुणाच्या तरी पिशवीतून ठिबकणारं नारळाचं पाणी. परवा अशाच एका गाडीत मी दांडा धरून उभी होते आणि तो वास नाकात शिरला. इतरांना दवण्यानं देव आठवतो. मला अभ्यासिका आठवते. कूलरचा ओलसर वारा, खुर्ची मागं सारल्याचा आवाज, बोटं टेकवून टेकवून कोल्हापूरच पुसलं गेलेला भिंतीवरचा नकाशा, दाराबाहेर चपलांचा ढीग. आमच्याकडे यात्रा आणि परीक्षा एकाच चैत्रात येतात. अर्धं शहर डोंगरावर असतं आणि उरलेलं पुस्तकात डोकं घालून.

गेल्या चैत्रापासून त्या वासाला माझ्यापुरतं आणखी काहीतरी चिकटलंय. दवणा हुंगला की पोटात बारीकसं जळतं. हे पित्त नव्हे. हा मत्सर आहे. तो मला नीट ओळखू येतो, कारण तो एकाच व्यक्तीबद्दल आहे.

मत्सराबद्दल लिहायची मला सवय नाही. मी पत्रकांच्या घरात वाढले. पत्रकात संताप असतो, निषेध असतो, जाहीर धिक्कार असतो. 'आम्ही खाली सह्या करणारे अमकीचा मत्सर करतो' असं पत्रक आजवर कुणी काढलेलं नाही. म्हणून हे इथं लिहिते आहे.

बाबा शिरोलीच्या एका फौंड्रीत होते आणि कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत छापखान्यातून सायकलवर गठ्ठे यायचे. कागद अजून गार असायचा आणि शाईला रॉकेलसारखा वास. सभेला गुलाबी कागद, संपाला पिवळा, ही बाबांची पद्धत. मला वाचता येत नव्हतं तेव्हाही गठ्ठ्याचा रंग बघून मी सांगायचे, उद्या बाबा कामावर जाणार की नाही. संध्याकाळी चटई अंथरून आम्ही घड्या घालायचो. मी कागद दुमडायचे, आई चमच्याच्या पाठीनं घडी दाबायची, बाबा सुतळीनं गठ्ठे बांधायचे. दुसऱ्या दिवशी आमटी वाढताना त्या चमच्याला निळसर शाई दिसायची.

पत्रकाचे बाबांचे नियम ठरलेले होते. "पयल्या ओळीत भांडण कुणाशी ते. शेवटच्या ओळीत भांडणारं कोण ते. मधलं कुणीबी लिहील." पत्रक माणसाच्या हातात द्यायचं, डोळ्यांत बघून. रस्त्यावर टाकायचं नाही, गाडीच्या काचेत खोचायचं नाही. पण सगळ्यात मोठा नियम शेवटच्या ओळीचा. बाबांच्या पत्रकाखाली माणसांची नावं असत, नावापुढं गाव असे. वाचणाऱ्याला कळावं, की या कागदामागं हाडामांसाची माणसं उभी आहेत. "बिननावाचं पत्रक म्हंजे भिंतीमागनं मारलेला दगड," ते म्हणत. "लागला तरी त्येला किंमत न्हाय."

या शिकवणीवर मी मोठी झाले आणि माझ्या वाट्याला काळ कसला आला? सगळं जग भिंतीमागून दगड मारतंय. नावाच्या जागी टोपणनाव, चेहऱ्याच्या जागी वाघाचा नाहीतर गुलाबाचा फोटो, आणि खाली दुसऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार. मला त्या लोकांची चीड येते. पण त्याहून जास्त चीड येते ती आपल्या निवांतपणाची. लोक क्रिकेटच्या बातम्या वाचतात तशा मी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचते. कुठल्या शहरात चेहरा ओळखणारे कॅमेरे लागले, कुठल्या कंपनीनं माणसांची माहिती परस्पर विकली, कुठल्या सरकारनं आख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. आणि आपण? फोनवर 'मला मान्य आहे' असं बटण आलं की देवळातल्या घंटेसारखा हात आपोआप वर जातो. काय मान्य आहे, ते वाचायची गरज नाही. घंटा आहे म्हटल्यावर वाजवायची.

त्या बटणावर मी एक मोठा लेख लिहिला होता. संमती म्हणजे काय, खरी संमती आणि लादलेली संमती, कायदा काय म्हणतो, वगैरे. ऑनलाइन टाकला. बाबा, आई आणि मला धरून वाचणारे मोजायला एका हाताची बोटं पुरली.

त्याच आठवड्यात तिनं त्याच बटणावर व्हिडिओ केला.

तिला आपण गौरी म्हणू. हे तिचं खरं नाव नाही, आणि मुरगूड म्हणते आहे ते तिचं खरं गाव नाही. का, ते पुढं कळेल.

गौरी अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मी कायद्याच्या परीक्षेची तयारी करत होते, ती तलाठ्याच्या. तिच्या आप्पांचं गावात किराणा दुकान आहे. घरात थोडं कानडी, थोडं मराठी. आईला ती अव्वा म्हणते. आमच्याकडच्या पोरींसारखीच 'मी येतो, मी जातो' अशी बोलते आणि हसली की आख्खी अभ्यासिका वळून बघते. तिचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. तिचा एकटीचाच नाही, अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरापोरींचा. गावातल्या थांब्यावर आई डबा ड्रायव्हरच्या हवाली करायची, तो पायाशी ठेवायचा आणि स्टँडवर उतरवायचा. आम्ही दोघी चालत जाऊन तो आणायचो. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. ज्वारीची भाकरी, खर्डा, दह्याची छोटी डबी. त्या डब्याबद्दलही मला थोडा मत्सर वाटायचा, पण तो भूक भागली की जायचा.

चहा पिताना मी तिला बातम्या सांगायचे. ती भुवया वर करून ऐकायची. "काय सांगालीस!" म्हणायची. आणि मग दुपारी, जेवण आणि चहाच्या मधल्या वेळात, अभ्यासिकेतून निघून आपल्या खोलीच्या गच्चीवर जायची आणि व्हिडिओ करायची. व्हिडिओत तिचा चेहरा कधी नसायचा. नुसते हात. लोणच्याच्या बरणीला टेकवलेला फोन, समोर पाट, पाटावर कैरी, आणि कैरी चिरता चिरता बोलणारा तो ठसक्यातला आवाज.

"त्या बटनावर लिवलंय, मला मान्य हाय. बरं. शेजारी 'मला मान्य न्हाय' असं दुसरं बटन हाय का? न्हाय! मग ह्ये इचारणं हाय का दरडावणं हाय, पावणं?"

कैरीचा खप्पकन आवाज. संपलं.

माझा आख्खा लेख त्या एका खप्पमध्ये होता. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, 'व्हय की!' काहींनी नुसतंच 'नाद खुळा'. मला ते 'व्हय की' वाचून राग यायचा. माणसानं सहमत व्हावं तर कारण द्यावं, दोन ओळी लिहाव्यात. ही कसली सहमती, मान डोलावणाऱ्या नंदीबैलाची? असं मी गौरीला म्हणालेही. ती म्हणाली, "अगं, मान डोलावली न्हवं? तुझ्या लेखाला ढुसणी तरी कोण मारालंय?"

ते खरं होतं म्हणून लागलं.

चेहरा, नाव काहीच का दाखवत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. माझ्या मनात अर्थातच भिंत आणि दगड. तिनं स्वच्छ सांगितलं. "आप्पांस्नी कळलं तर फोन जाणार. फोन गेला की खोली जाणार, खोली गेली की परीक्षा. मग हायच की, त्यांनी बघून ठिवलेला निपाणीचा पोरगा." व्हिडिओ करताना ती हातातल्या बांगड्याही काढून ठेवायची. गच्चीवरून दिसणारं देवळाचं शिखर चौकटीत येऊ द्यायची नाही. खासगीपणा या विषयावर मी किती वाचलं होतं! ती त्यातलं एक पान न वाचता पाळत होती. तीन बहिणींच्या एका खोलीत वाढलेल्या पोरीला कोपरा कसा राखायचा हे शिकवावं लागत नाही.

मग यात्रेच्या तोंडावर अभ्यासिकेच्या दाराशी ते मशीन आलं.

समोर उभं राहायचं. ते चेहरा वाचायचं आणि बाईच्या गोड आवाजात 'धन्यवाद' म्हणायचं. त्याच क्षणी घरी मेसेज जायचा: आपली मुलगी आत आली. बाहेर पडताना पुन्हा धन्यवाद, पुन्हा मेसेज. 'मुलगी' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. चेहरे मुलांचेही वाचले जायचे, पण मेसेज हवा असं कुठल्याच मुलाच्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं.

अभ्यासिका चालवणारे काका वाईट नव्हते. मी भांडायला गेले तर त्यांनी मलाच खुर्ची दिली. "मी कुठं म्हणालोय बसवा म्हणून? तुमच्याच घरची मानसं फोन करत्यात. पोरगी आली का, गेली का, कुनासंगं गेली. मी काय दारात उभा राहून मोजत बसू?"

गौरी त्या दिवशी दुपारी गच्चीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कैऱ्या पिशवीत तशाच पिवळ्या पडू लागल्या. जेवण आणि चहाच्या मधला तो वेळ तिच्या आख्ख्या दिवसातला एकटा तिचा होता, आणि दाराशी एक गोड आवाज त्याची बातमी मुरगूडला पोचवायला उभा होता.

मला स्फुरण चढलं. हे तर माझंच रण. पत्रक काढायचं! मी एका बैठकीत लिहिलं. पहिल्या ओळीत भांडण कुणाशी: 'चेहरा वाचणाऱ्या यंत्राशी आणि मुलीवर विश्वास नसणाऱ्या घराशी.' मधे एक ओळ अशी उतरली की मी स्वतःच उठून खोलीत फेरी मारली: 'हजेरी शाळेत घेतात आणि तुरुंगात घेतात. अभ्यासिका यांपैकी काहीही नाही.' शेवटी पाठिंबा देणाऱ्या सगळ्या मुलींची नावं, सगळ्यांत खाली माझं. बाबांनी चष्मा लावून वाचलं. "मधलं बी बरं लिवलंस," म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस नाही. कागद पिवळा घेतला.

पत्रकं छापून आली त्या संध्याकाळी गौरी घड्या घालायला आली. चटई, चमचा, सुतळी, सगळं पूर्वीसारखं. ती पहिला कागद दुमडता दुमडता थांबली.

"अगं ए बाई! ह्यात माझा नंबर हाय की."

होता. गौरीचा होता, सगळ्यांचाच होता. बाबांच्या पत्रकात नावापुढं गाव असायचं. मला वाटलं, हल्ली गाव सांगून कोण कुणाला शोधणार, म्हणून मी नावापुढं मोबाइल नंबर घातले होते. हाडामांसाची माणसं मागं उभी आहेत, हे कळायला.

"तुम्ही सगळ्यांनी होकार दिला होता," मी म्हणाले.

"नावाला दिलता. नंबराला कवा दिलता?" गौरीनं कागद माझ्या नाकासमोर धरला. "पोरींची म्हाईती घराला जाऊ नगं म्हणून पत्रक काढलंस. आणि पोरींचं नंबर बिंदू चौकात वाटालीस व्हय? उद्या सकाळी 'हाय डिअर' म्हणून कोण कोण उगवंल, त्येला तू उत्तर देणार?"

आई आधी हसली. मग बाबाही. मी नाही हसले. माझाच विषय होता आणि चूक तिनं पकडली होती.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. आईनं विळी काढली. चार-चार कागद एकत्र धरून ती खालची पट्टी भाजीसारखी कापत गेली. त्यामुळं प्रत्येक पत्रकाची खालची कड तिरकी झाली, एकही दुसऱ्यासारखं नाही. पट्ट्या बंबात गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचं पाणी पोरींच्या नावांवर तापलं.

आणि त्या पट्टीबरोबर माझंही नाव गेलं.

ते माझ्या उशिरा लक्षात आलं. बाबा म्हणाले, "शेवटची ओळच ऱ्हायली न्हाय की गं." मी पेन घेतलं आणि गठ्ठ्यातल्या एकेका कागदावर हातानं माझं नाव लिहायला बसले. गौरीला ते बघून हसू आवरेना. "परीक्षेत बी एवढ्यांदा नाव लिवलं नसशील!" पेन संपलं तेव्हा बाबांनी उठून दुसरं आणून दिलं. गौरी त्या पेनाकडं बघत राहिली. तिला सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा ती वाटेत म्हणाली, "तू नाव लिवत्यास तर तुझं बाबा पेन आणून देत्यात." हातातल्या रिकाम्या डब्याची कडी उघडझाक करत चालत राहिली.

मला तेव्हा ते वाक्य नीट ऐकू आलं नाही. मी मनात उद्याच्या चौकाची आखणी करत होते.

पत्रकं वाटली. डोळ्यांत बघून, हातात देऊन. मिसळीच्या दुकानाबाहेर, स्टँडवर, कॉलेजच्या दारात. लोक सभ्य होते. घडी न उघडता खिशात ठेवत होते. एका गृहस्थांनी कागदाची तिरकी कड बघून विचारलं, "छापखान्यात कापणारा नवीन हाय काय?" काकांनीही एक घेतलं, चष्म्याच्या घरात ठेवलं. मशीन धन्यवाद म्हणत राहिलं.

यात्रेचा दिवस. सगळं शहर गुलालात. काका सहकुटुंब डोंगरावर गेले होते आणि अभ्यासिका बंद होती, म्हणजे मशीनही बंद. गौरी गच्चीवर गेली. पिवळ्या पडलेल्या त्या कैऱ्या घेतल्या.

"पोरगी कवा आत गेली, मशीन सांगतंय. डोस्क्यात काय गेलं, ते सांगतंय का? न्हाय. बरं, अव्वा, एक सांगा. रोज सकाळी तुम्ही डबा एसटीत ठिवतासा. डायवरचं नाव म्हाईत हाय? न्हाय. डब्याला कुलूप हाय? न्हाय. डबा पोचला का म्हणून मशीन बसवलंय? न्हाय. तरी रोज पोचतोय! मग बिनकुलपाच्या डब्यावर भरवसा हाय, आणि तुमच्याच पोटच्या पोरीवर न्हाय, व्हय?"

खप्प.

तो व्हिडिओ कुणी कुणाला पाठवला, सांगता येणार नाही. आयांच्या ग्रुपवर गेला, एसटीच्या लोकांत गेला, भिशीत गेला. काही दिवसांत काकांना फोन येऊ लागले. आता आयांचे. एक बाई म्हणे फोनवर रडल्याच. काकांनी मशीनची वायर काढून गुंडाळून वर ठेवली. पेटी अजून भिंतीवर आहे. कुणीतरी तिला लिंबूमिरची बांधली आहे.

काका मला म्हणाले, "तुझं पत्रक बी वाचलं हं. पण त्या डब्याच्या पोरीनं काय सांगितलंय! ऐकलंस का न्हाय?" गौरी माझ्या शेजारी बसून महाराष्ट्रातल्या नद्या पाठ करत होती. तिनं मान वर केली नाही.

माझ्या मत्सराचं मूळ इथं आहे. तिला हजारोंनी ऐकलं आणि मला कुणी वाचलं नाही, एवढ्यानं मी जळले नसते. लोकप्रियतेला नावं ठेवायला मला लहानपणापासून शिकवलंय, ते सोपं असतं. पण तो डबा! तो आणायला मी रोज तिच्याबरोबर जात होते. ड्रायव्हरच्या पायाशी तो बिनकुलपाचा उभा असलेला मीही बघत होते. त्यातली भाकरी मी खात होते. आणि मला तो दिसला नाही. मी जगभरच्या बातम्यांत उदाहरणं शोधत बसले आणि तिनं कडी उघडून आतलं काढून दाखवलं. हे माफ करणं कठीण असतं.

मधे एकदा बाबांनी विचारलं, "ते एआय म्हणं पत्रक बी लिवतंय?" मी म्हटलं, बघूच. मशीनविरोधात पत्रक मशीनकडून लिहून घेतलं. आलं क्षणात. भाषा गुळगुळीत, 'चला, आपण सर्व मिळून' अशी सुरुवात, सगळ्या बाजूंचा मान राखलेला. बाबांनी शेवटपर्यंत वाचलं आणि फोन परत दिला. "ह्यात कुणाला राग आलेला न्हाय," म्हणाले. मला बरं वाटलं. निदान या एका लिहिणाऱ्याचा तरी मला मत्सर वाटला नाही. पण लगेच आठवलं, गौरीच्या व्हिडिओतही राग कुठं असतो? कैरी असते. आणि तरी समोरच्याला झोंबतं.

परीक्षा झाल्यावर गौरी मुरगूडला गेली. निकाल लागायचा आहे, तोवर दुकानात हात लावते. व्हिडिओ चालूच आहेत. आता दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या ढेपा आणि साखरेची पोती यांच्यात बसून करते. "पोत्यांमुळं आवाज असला भारी येतोय!" म्हणाली. बाहेर आप्पा गिऱ्हाईक करत असतात, आत त्यांची लेक सबंध जिल्ह्याशी बोलत असते.

आणि त्यातली गंमत तिनं मला फोनवर सांगितली तेव्हा मी हसले. आप्पा तिचे व्हिडिओ बघतात. दुकानात मोठ्यानं लावतात, गिऱ्हाइकांना ऐकवतात. आवाज त्यांच्या ध्यानात येत नाही. घरात गौरी त्यांच्याशी त्या आवाजात बोलतच नाही ना. परवा त्यांनी तिलाच तो डब्याचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं: 'ह्या पोरीकडून शिक काहीतरी.'

"सांगून टाक की मग," मी म्हणाले.

"खुळी हाईस व्हय? दुसऱ्याची पोरगी धाडसी असत्या. आपली आगाव."

माझं नाव आख्ख्या गठ्ठ्यावर आहे आणि मला कुणी ओळखत नाही. तिचं नाव कुठंच नाही आणि तिचा बाप तिला तिचाच आदर्श घालून देतोय. सांगा, मी जळू नको तर काय करू?

तर परवाची एसटी. दवण्याचा वास. अभ्यासिकेत परत परीक्षांचं वातावरण, नकाशासमोर नवी पोरं, आणि काकांनी पुन्हा काहीतरी आणलंय. यंदा मशीन नाही, अ‍ॅप. फोनमध्येच बसतं, भिंतीवर दिसतसुद्धा नाही. अभ्यासिकेत पाऊल टाकलं की घरी कळतं, बाहेर पडलं की कळतं, कुठं गेलात तेही कळतं. सुरू करताना एक बटण येतं. 'मला मान्य आहे.' मी त्याच संध्याकाळी गौरीला फोन करून सगळं सांगितलं. माझं नवं पत्रक निम्मं लिहून झालंय, असंही सांगितलं. "वाच की," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं. जुनी आवडती ओळ पुन्हा घेतली होती, तीही वाचली.

आज सकाळी तिचा व्हिडिओ आला. यंदा कैरी नाही, पाटावर गूळ. ती अडकित्त्यानं गुळाचा खडा फोडत होती.

"हजेरी घेत्यात शाळंत, न्हायतर जेलात. शाळा तर आम्ही कवाच सोडली. मग आम्हास्नी कुठं धरलंय, पावणं?"

मी उठून उभी राहिले. माझी ओळ! माझी ओळ, तिच्या आवाजात, गुळासकट. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, सुधारलेली. माझी ओळ जिथं हात झटकून थांबत होती, तिथून ती पुढं गेली होती आणि समोरच्याची कॉलर धरून विचारत होती.

खाली 'व्हय की'चा पूर. आणि त्या पुरात अधूनमधून दुसराच खेळ चाललेला: ही पोरगी कुठली? 'आवाज कागलकडचा वाटतोय.' 'न्हाय ओ, गडहिंग्लज.' 'मागं पोती हायत, दुकानदाराची असणार.' लोक लाडानंच शोधत होते. पण शोधत होते.

मी टाइप केलं: 'ही ओळ माझी आहे. गेल्या वर्षीच्या पत्रकातली.' पुढं माझं पूर्ण नाव. पेठ. शेवटची ओळ, बाबांच्या नियमाप्रमाणे. अंगठा बटणावर आला.

माझ्या नावाला अभ्यासिका ओळखते. पिवळं पत्रक वाटणारी मुलगी. आणि तिच्या शेजारी कोण बसायचं, डबा आणायला तिच्याबरोबर रोज स्टँडवर कोण जायचं, हेही तिथली भिंतसुद्धा सांगेल. डबा कुठल्या गाडीनं यायचा, ते ड्रायव्हर सांगेल. दुकानापर्यंत पोचायला त्या शोधणाऱ्यांना माझं नाव पुरे झालं असतं. आणि मग आप्पा दुकानात व्हिडिओ लावतील तेव्हा एखादं गिऱ्हाईक सहज म्हणेल, ही तुमचीच की ओ.

बाबा दारात पेपर वाचत होते. मी विचारलं, "बाबा, नाव दिल्यानं दुसऱ्याला दगड लागणार असंल तर?"

त्यांनी पेपर खाली केला. "मग भिंत कुणाची हाय ते बघावं लागंल," म्हणाले, आणि परत पेपर उचलला. हा त्यांचा नियम नव्हता. हे त्यांनी आत्ताच बनवलं होतं.

मला गेल्या वर्षीचं ते पेन आठवलं. ते आणून देणारे बाबा, आणि त्यांच्या हाताकडं बघत राहिलेली गौरी. तिच्या डोळ्यांत त्या संध्याकाळी जे होतं, ते मी वर्षभर आरशात बघते आहे. तेव्हा ओळखू आलं नाही, एवढंच.

मी लिहिलेलं पुसलं. नाव पुसलं, पेठ पुसली, 'माझी' हा शब्द सगळ्यांत शेवटी पुसला. रिकाम्या चौकोनात काय लिहावं? कारण द्यावं, दोन ओळी लिहाव्यात, सहमत होण्याची शिस्त पाळावी, असं सगळं मनात आलं. पोटात अजून जळत होतं. ते काही गेलं नाही, जाईल असंही वाटत नाही.

मी लिहिलं, 'व्हय की!'

शेकडोंमध्ये ते कुठं गेलं, मलाही दिसेना. पण थोड्या वेळानं त्याच्यावर एक लाल बदाम उमटला. कुणाचा, ते मी सांगणार नाही.